एमएस्सीला सरफेस केमिस्ट्री आहे, लँगम्युअर आणि बीईटी यातलं कधी काय वापरायचं?

दोन्ही घन पृष्ठभागावर वायू किती चिकटतो याची समीकरणं आहेत: रेणूंचा एकच थर बसत असेल तर लँगम्युअर, थरावर थर चढत असतील तर बीईटी. पुण्यात एमएस्सीच्या पोरांचे प्रॅक्टिकलचे ग्राफ दरवर्षी तपासतो, चूक बहुतेक एकाच जागी सापडते, नायट्रोजनचा ७७ केल्विनचा सगळाच डेटा बीईटीच्या सरळ रेषेत कोंबलेला असतो, खरं तर सापेक्ष दाब (वायूचा दाब भागिले त्याच तापमानाला त्याचा संपृक्त बाष्पदाब) साधारण ०.०५ ते ०.३० एवढेच पॉइंट घ्यायचे, वर गेलात की रेष वाकते कारण बीईटीची गृहीतकं तिथे लागू पडत नाहीत, आणि आणखी पुढे छिद्रांमध्ये नायट्रोजन द्रव व्हायला लागतो. फक्त झिओलाइटसारखं अगदी बारीक छिद्रांचं मटेरियल असेल तर ही रेंज चालत नाही, बरंच खाली जावं लागतं, आणि सी (बीईटी समीकरणातला स्थिरांक) निगेटिव्ह आला की रेंज चुकलीच समजा, वरच्या दाबाचे पॉइंट काढून परत फिट करा.