संपर्क द्वैती ताऱ्यांमध्ये, म्हणजे एकमेकांना टेकून परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीत, वस्तुमान एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले, तर ते शेवटी एकमेकांत विलीन होतात का?

होऊ शकतात, पण वस्तुमान वाहू लागले की तारे जवळ येणारच, ही आपल्या प्रश्नामागची समजूत अर्धीच खरी आहे.

द्वैतीतील प्रत्येक ताऱ्याच्या गुरुत्वाच्या अमलाखालील प्रदेशाला एक सीमा असते. त्या प्रदेशाला रोश पाळी म्हणतात. तारा फुगून पाळीबाहेर सांडू लागला, की दोन पाळ्या जिथे टेकतात त्या बिंदूतून त्याचा वायू जोडीदाराकडे जातो, आणि दोन्ही पाळ्या भरून वाहिल्या की दोघांभोवती एकच सामाईक आवरण उरते; हीच संपर्क द्वैती. सप्तर्षी तारकासमूहातील डब्ल्यू उर्सा मेजोरिस ही अशीच जोडी. तिची कक्षा सुमारे ८ तासांत पूर्ण होते. एक तारा सूर्याच्या साधारण १.२ पट, तर दुसरा ०.६ पटीच्या आसपास वस्तुमानाचा असूनही दोघांचे पृष्ठतापमान जवळजवळ सारखे आहे. एरवी धाकटा बराच थंड आणि लालसर दिसला असता. मोठ्याची ऊर्जा सामाईक आवरणातून धाकट्यापर्यंत पोहोचते, असे स्पष्टीकरण लिऑन लूसी यांनी १९६८ मध्ये मांडले. मला तर वस्तुमानापेक्षा ऊर्जेची ही देवाणघेवाणच अधिक विलक्षण वाटते.

आता दिशेचा मुद्दा. एकूण वस्तुमान आणि कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप) कायम राहिले, तर जड ताऱ्याकडून हलक्याकडे वायू जाताना दोघांतील अंतर घटते. हलक्याकडून जडाकडे जाताना मात्र ते वाढते आणि कक्षाकाळही लांबतो. असे असूनही विलीनीकरण घडते, कारण चुंबकीय तारकीय वारा, म्हणजे ताऱ्यातून सतत बाहेर वाहणारा वायू, कोनीय संवेग बाहेर नेत राहतो आणि कक्षा आक्रसत जाते. शिवाय हलका तारा फारच हलका झाला आणि ताऱ्यांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातील संवेग कक्षीय संवेगाच्या एकतृतीयांशाहून अधिक झाला, की भरती-ओहोटीच्या बलांमुळे कक्षा स्थिर राहूच शकत नाही.

वृश्चिकेतील व्ही १३०९ या ताऱ्याचा २००८ मध्ये उद्रेक झाला. आधीच्या काही वर्षांच्या नोंदी तपासल्यावर सुमारे १.४ दिवसांचा कक्षाकाळ वाढत्या वेगाने घटत गेलेला आढळला, आणि उद्रेकानंतर द्वैतीची खूण उरली नाही. असाच पुरावा दिसतो असे समजून हंसातील केआयसी ९८३२२२७ ही जोडी २०२२ च्या सुमारास विलीन होईल, असे भाकीत २०१७ मध्ये झाले होते. पुढच्याच वर्षी जुन्या नोंदीतील एक वेळ १२ तासांनी चुकल्याचे उघड झाले आणि ते बाद ठरले.