जपानच्या ओझे राष्ट्रीय उद्यानात कधी जावं?

मिझुबाशोची पांढरी फुलं पाहायची तर मे अखेर ते जूनचा मध्य. पण दलदलीचं पठार सुमारे १,४०० मीटरवर आहे; मे महिन्यात वाटेवर बर्फ असतो, बुटांना काटे लावा. पिवळी निक्कोकिसुगे जुलैच्या मध्यानंतर फुलते. माझं मत विचाराल तर सप्टेंबर अखेर उत्तम: गवत तांबूस, गर्दी कमी. ऑक्टोबरनंतर मुक्कामाच्या झोपड्या बंद.

हातोमाची खिंडीतून पठाराच्या कडेच्या यामानोहानाला उतरायला तासभर. परतीचा चढ दमवतो, दीड तास धरा, नाहीतर शेवटची बस चुकते. पायवाटेच्या ओल्या लाकडी फळ्यांवर पाय सटकतो, तरी फळी सोडून खाली उतरू नका. कारण तिथला पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा) थर वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. कचरा सोबत परत आणायचा, म्हणजे नावाप्रमाणे ओझं आहेच!