वरच्या मजल्यावरचे लोक रात्री फार आवाज करतात, सांगूनही ऐकत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहता, वरचा मजला शेवटचा, आणि ते लोक रात्री साडेअकरा-बारापर्यंत पलंग खुर्च्या ओढतात, पोरं उड्या मारतात, दोनदा सांगून झालं, आता पोलिसात जाऊ का फॉल्स सीलिंग करून घेऊ. दोन्हीची घाई करू नका. मी विजापूर रोडला अशाच एका अपार्टमेंटमध्ये राहतो, तुमच्यासारखाच दुसऱ्या मजल्यावर, आणि मी ह्यात बराच शहाणपणा करून पैसे आणि अब्रू दोन्ही घालवून बसलोय.

आमच्या वर एक अक्का राहतात, त्या शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेतात. आता सोलापूरची शेंगाचटणी म्हणजे मिक्सरची चालत नाही, उखळातच कुटायला लागते, कुटून कुटून शेंगांचं तेल सुटलं पाहिजे, तर पहाटे पाचला सुरू, धाड, धाड, मग पाच मिनिटं गप, मग परत धाड. माझं लहानपण यंत्रमागाच्या शेजारी गेलंय, अशोक चौकाकडे, रात्रभर खडखड चालायची आणि आम्ही खुशाल झोपायचो, उलट लाईट जाऊन माग बंद पडले की जाग यायची. तोच मी इथं एका मुसळापायी पाचला उठून छताकडे बघत बसायचो. मागाचा आवाज एकसारखा असतो, हा कधी येईल त्याची वाट बघण्यातच झोप जाते.

मी काय केलं, तर आधी बेडरूमच्या छताला ते स्टुडिओत असतात तसले फोमचे तुकडे चिकटवले. चार हजार रुपये गेले आणि काडीचा फरक नाही. नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरने सांगितलं तेव्हा कळलं, बोलण्याचा-टीव्हीचा आवाज हवेतून येतो, पण आपटण्याचा ओढण्याचा आवाज थेट स्लॅबमध्ये घुसतो, स्लॅब नगाऱ्यासारखा थरथरतो आणि तिथनं बीम, कॉलम, भिंती सगळीकडे पसरतो. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, थरथरणारा स्लॅब त्याला आवरत नाही. फॉल्स सीलिंगचं पण बहुतेक तेच, ते स्लॅबलाच लोंबकळत असतं, शिवाय भिंतीतून उतरणारा आवाज राहतोच. म्हणजे इलाज खालून नाही, वरूनच होणार, आणि वरचं घर त्यांचं आहे. म्हणून त्यांच्याशी भांडण करणं परवडत नाही, मला हे भांडून झाल्यावर कळलं.

भांडणाची गोष्ट अशी की रात्री दोन-अडीचला अधूनमधून घुर्रर्र असा आवाज यायचा, मला वाटलं वरची वॉशिंग मशीन, एकदा तसाच बनियनवर वर गेलो आणि दार वाजवलं. अक्कांच्या मुलाने दार उघडलं, "काय बे, काय झालं एवढ्या रात्री?" मी तोंड सोडलं. त्याने काही न बोलता आत नेऊन मशीन दाखवली, पिन काढून ठेवलेली. आवाज मात्र चालूच! मग दोघं मिळून शोधत खाली गेलो तर पार्किंगमधली पाण्याची मोटर. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येणार आणि कधी कधी मध्यरात्रीच येणार, आलं की सेक्रेटरी उठून मोटर चालू करायचे, त्या मोटरचा पाईप डक्टमध्ये माझ्याच बेडरूमच्या भिंतीला लोखंडी क्लॅम्पने आवळलेला होता. प्लंबरने पाईप आणि क्लॅम्पच्या मधे रबराची पट्टी घातली, तासाभराचं काम, आवाज निम्म्याहून कमी. मी मात्र आठ दिवस जिन्यात अक्का दिसल्या की मोबाईल काढून बघायचो.

तेव्हा पहिलं हे करा, कुठला आवाज, किती वाजता, किती वेळ, आठ दिवस वहीत लिहा. आणि तो वरचाच आहे ना ते बघा, स्लॅबमधून शेजारच्या फ्लॅटचा आवाज पण वरून आल्यासारखा वाटतो.

तुमच्या पलंग ओढण्याचं मला एक कारण दिसतंय, चूक असेन तर सोडून द्या. शेवटच्या मजल्यावर मे महिन्यात राहून बघा एकदा. दिवसभर बेचाळीस त्रेचाळीस डिग्रीत तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत वाफा टाकत असतो, माणसं कूलर सरकवतात, पलंग खिडकीकडे ओढतात, गाद्या गच्चीवर नेतात, पोरांना झोप नाही म्हणून ती नाचतात. त्रास तुम्हाला होतोच, पण ते मुद्दाम नाही करत. पलंगाच्या आणि खुर्च्यांच्या पायांना काठीच्या टोकाला असतं तसलं रबरी बूच बसवता येतं, मी तर म्हणतो तुम्हीच डझनभर घेऊन जा. पोरं खेळतात तिथं जाड सतरंजी.

अक्कांच्या उखळाचं आम्ही बरेच प्रयोग केले. आधी जुनी चादर आठ पदरी घडी करून खाली घातली, दोन दिवसात ती चेपून फरशीसारखी झाली. मग गोठ्यात गाईम्हशींच्या खाली घालतात ती जाड रबराची मॅट आणली, तिचा तुकडा कापून टाकला आणि उखळ खोलीच्या मध्यातनं उचलून कोपऱ्यात, खाली कॉलम आहे तिथं नेलं, कारण स्लॅब मध्ये जास्त हलतो, कोपऱ्यात कमी. धाडचं धब् झालं. वेळ पाचची साडेसहा करा म्हणलं तर अक्का म्हणल्या, "उन्हाळ्यात नऊनंतर गॅसपाशी उभं राहून दाखव की तू, शेंगा कधी भाजू मी?" शेवटी असं ठरलं की भाजणं पाचला, कुटणं साडेसहाला.

पोलिसांचं म्हणाल तर 2000 सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. रात्री दहानंतर स्पीकर लावला तर खुशाल 112 फिरवा. पण पोरगं पळालं, खुर्ची ओढली ह्याला पोलीस काय करणार, फार तर समज देऊन जातील आणि तुमचं बोलणं कायमचं बंद. अगदीच कोणी ऐकेना तर सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तिथं ती वही कामाला येते. फक्त आधी बघून घ्या तुमची इमारत 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली सोसायटी आहे का 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट, दोन्हीचे नियम वेगळे आहेत, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना स्वतःचंच माहीत नसतं.

वर जाताना एकटे जाऊ नका, घरातल्या बाईमाणसाला घेऊन जा, संध्याकाळी चहाच्या वेळी. आणि पाणी यायच्या दिवशी तर अजिबात जाऊ नका, त्या दिवशी सोलापुरात कोणीच कोणाचं ऐकत नाही.