मेलेल्या उंदरांत करिअर असतं का?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन एसवायबीएस्सीला आहे. कॉलेजच्या सहलीत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतला (बीएनएचएस) प्राण्यांचा नमुनासंग्रह पाहून आली आणि तेव्हापासून म्हणते, सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण करायचं, नव्या जातींना नावं द्यायची. वडील लिहितात, ‘वाघ-बिबट्याचं काही असतं तर समजलो असतो. ही उंदीर आणि वटवाघळांच्या कापूस भरलेल्या कातड्यांबद्दल बोलते. सगळे प्राणी इंग्रजांनीच शोधून ठेवलेत, उरलंसुरलं डीएनएवाले बघतील. मेलेल्या उंदरांवर पोट भरतं का? तिचे मामा म्हणतात, बीएड कर. तिला चार शब्द समजावून सांगा.’

नमस्कार. पत्र मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. मुलीला समजावण्याआधी तुमच्याशीच थोडं बोलतो.

सगळे प्राणी शोधून झालेत, हे खरं नाही. १९४८ मध्ये अँगस हटन या मळेवाल्या निसर्गअभ्यासकानं तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत एक वटवाघूळ मिळवलं. ते मुंबईच्या ह्याच संग्रहात आलं आणि नेहमीच्या, आखूड नाकाच्या फलाहारी वटवाघळाचं लेबल लावून ठेवून दिलं गेलं. १९७२ मध्ये किट्टी थोंगलोंग्या या थाई प्राणिशास्त्रज्ञांनी तो नमुना नव्यानं तपासला. कवटी वेगळी, दात वेगळे, बाहेरून शेपूटही नाही. नुसती नवी जात म्हणून भागेना, तिच्यासाठी जीनसही, म्हणजे जवळच्या जातींना एकत्र ठेवणारा वरचा गटही, नवा मांडावा लागला. तेच आज सलीम अली यांच्या नावानं ओळखलं जाणारं फळवटवाघूळ. म्हणजे हा शोध जंगलात लागला नाही, मुंबईत एका ड्रॉवरमध्ये लागला. जिवंत वटवाघूळ पुन्हा हाती लागलं ते १९९३ मध्ये.

असंच अमेरिकेत घडलं. अँडीज पर्वतातल्या ओलिंगुइतो या रॅकूनच्या कुळातल्या प्राण्याचं वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. क्रिस्टोफर हेल्गेन आणि त्यांचे सहकारी संग्रहालयांतल्या जुन्या कवट्या-कातड्या बघत त्याच्यापर्यंत पोचले होते. आधी कपाटात सापडला, मग इक्वेडोरच्या जंगलात जाऊन त्याला पाहिलं. त्याची एक मादी कित्येक वर्षं अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत राहून गेली होती. तिची जोडी काही केल्या जमेना. जमणार कशी, दुसऱ्याच जातीचे नर समोर आणले जात होते.

आता डीएनए. दोन गट वेगळे आहेत, एवढं तो छान सांगतो. पण त्यांतल्या कोणाला जुनं नाव राहील आणि कोणाला नवं मिळेल, हे तो एकटा सांगू शकत नाही. प्रत्येक जातीचं नाव एका ठरावीक नमुन्याशी बांधलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात. वाद झाला की त्या कातडी-कवटीकडेच जावं लागतं. हल्ली सुकलेल्या कातडीच्या कपच्यातूनही डीएनए निघतो, त्यामुळे जुन्या संग्रहांचं काम उलट वाढलं आहे. आपल्याकडे १९११ मध्ये सोसायटीनं भारतातल्या सस्तन प्राण्यांचं जे मोठं सर्वेक्षण सुरू केलं त्याची सुरुवात खानदेशातून झाली होती. त्यातले पुष्कळ नमुने लंडनला गेले, तिथे ऑल्डफील्ड थॉमस यांनी अनेकांना नावं दिली. थॉमस यांनी जन्मभरात सस्तन प्राण्यांच्या सुमारे दोन हजार जाती-उपजातींचं वर्णन केलं. (त्यांच्या पत्नीला वारशानं पैसा मिळाला होता आणि त्यातून ते नमुने गोळा करणारी माणसं नेमत. ही वाट सर्वांना खुली नसते, हे मान्य.)

म्हणून पोटाच्या प्रश्नाकडे येतो. सिंहगडावर एक उंदीर आहे, कोंडाणा उंदीर. त्याचं वर्णन १९७५ मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी केलं. ते पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले. विषाणूंवर काम करणाऱ्या संस्थेला उंदरांशी काय देणंघेणं? रोग कोणत्या प्राण्यातून येतो हे शोधायचं तर आधी तो प्राणी कोणता, हे नक्की कळावं लागतं. २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा याच संस्थेला मिळाला. ते वटवाघूळच चुकीचं ओळखलं असतं तर त्या निष्कर्षाचं काय केलं असतं? प्राणी बिनचूक ओळखणाऱ्या माणसाची गरज कुठे पडते, हे यावरून दिसेल.

तरीही सरळ सांगतो, ‘वर्गीकरणतज्ज्ञ’ अशी पाटी लावून निघणाऱ्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत. मुख्य संस्था म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. ती १९१६ पासून आहे, मुख्यालय कोलकात्यात आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. त्याखेरीज विद्यापीठं आणि कॉलेजं, बीएनएचएससारख्या संस्था, आणि प्रकल्पावरची कामं. प्रकल्पाची नोकरी मुदतीची असते, तो संपला की पुन्हा शोधाशोध. पस्तिशीपर्यंत ही अस्थिरता सोसायची तयारी घरातल्या सगळ्यांची हवी, एकट्या मुलीची पुरत नाही. पीएचडीच्या काळात मात्र घरून पैसे पाठवावे लागू नयेत. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये मिळतात, वर घरभाडं. म्हणून मी नेटला फार महत्त्व देतो. मामांनी सुचवलेलं बीएड नंतरही करता येईल, आत्ता त्यात वर्षं घालवू नयेत.

एमएस्सी कुठे? प्राणिशास्त्र कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, तो तिच्या ओढीच्या जास्त जवळचा. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेचा अभ्यासक्रम नावाजलेला आहे, पण त्याचा भर वन्यजीवांच्या अभ्यासावर आणि संवर्धनावर आहे, संग्रहालयातल्या वर्गीकरणावर नाही. कुठेही गेली तरी सोबत संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा शिकायलाच हवी. डीएनएचं प्रयोगशाळेतलं कामही यायला हवं. नुसती नजर तयार असून हल्ली भागत नाही.

नजर कशी तयार होते, त्यासाठी तिला एक काम सांगा. जुन्या वाड्यांत, देवळांत गव्हाणी घुबडं राहतात. ती उंदीर, चिचुंद्र्या गिळतात आणि हाडं-केसांचे गोळे उलटून टाकतात. त्या जागेच्या मालकाला विचारून खाली पडलेले गोळे गोळा करायचे, घुबडाला नि घरट्याला हात लावायचा नाही. हातमोजे आणि मास्क हवाच. गोळे पाण्यात भिजवले की आतून अख्ख्या कवट्या निघतात. व्हर्निअर कॅलिपरनं कवटीची लांबी, दाढांच्या रांगेची लांबी मोजायची, भिंगातून दाढांवरचे उंचवटे बघायचे, लेबल लिहायचं, कुठे, कधी, कोणी. लेबल नसलेली कवटी कितीही सुंदर असली तरी संग्रहात तिची किंमत फारशी नसते. स्वतः सापळे मात्र लावायचे नाहीत, वटवाघूळ तर पकडायचंच नाही. वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते आणि रेबीजसारख्या विषाणूंचा धोकाही असतो.

दिवाळीच्या सुट्टीत हे सुरू करू द्या. पन्नासावी कवटी मोजतानाही पहिलीइतकाच रस वाटतो का, हे टीवायची परीक्षा येईपर्यंत तिचं तिलाच कळेल. वाटला तर आकुर्डीच्या केंद्राला रीतसर पत्र लिहून उन्हाळी इंटर्नशिपची चौकशी करावी. पत्रात ‘मला प्राण्यांची आवड आहे’ असं लिहून उपयोग नाही, मोजलेल्या कवट्यांचा तक्ता जोडावा. कंटाळा आला आणि मन डोंगरातच रमतंय असं दिसलं तर देहरादूनचा अर्ज भरावा. तोही चांगला रस्ता आहे आणि त्यासाठी आत्ताची वर्षं वाया गेलेली नसतील.