वेंगुर्ल्यात कला बघायला येताय? आधी तारखा बदला

तुम्ही लिहिलंय की १ ते २० नोव्हेंबर २०२६ वेंगुर्ल्यात राहणार आहात, चित्रं काढता, आणि समुद्रापेक्षा गावातली कला बघायची आहे. एका चौकशी कार्यालयाने तुम्हाला जत्रांची यादी पाठवलीय, तीत त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला दाखवलीय. वर त्यांनी हेही सांगितलं की 'गावात आर्ट गॅलरी वगैरे काही नाही, बीच बघा, डच वखार बघा.'

बाकीचं नंतर. आधी ती यादी बाजूला ठेवा. ५ नोव्हेंबरची त्रिपुरी २०२५ची होती. यंदा ती २४ नोव्हेंबरला आहे. म्हणजे तुम्ही २० तारखेला बॅग भराल आणि तुमच्या मागे चार दिवसांनी त्रिपुरी येईल.

आपल्याकडच्या जत्रा तिथीवर चालतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण त्याचा हिशोब तिकीट काढताना कुणी करत नाही. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून जत्रा दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. २०२४ला त्रिपुरी १५ नोव्हेंबरला होती, २०२५ला ५ नोव्हेंबरला. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे ती एकदम २४ तारखेवर गेली. कार्यालयांनी वर्षानुवर्षं तीच यादी झेरॉक्स करून वाटली की सगळे पाहुणे रिकाम्या देवळात येऊन उभे राहतात.

मी हे इतक्या तळमळीने लिहितेय कारण हीच यादी, म्हणजे अशाच एका कार्यालयाची, मलाही मिळाली होती. पुण्याहून इथे राहायला आल्यानंतरची गोष्ट. ज्यांनी मला रेखाटन शिकवलं ते सर नाशिकला राहायचे. दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य, त्यांना आयुष्यात एकदा देवळासमोर बसून बघायचं होतं, स्केचबुक मांडीवर घेऊन. मी कार्यालयात स्वतः जाऊन तारीख विचारली. टेबलामागच्या माणसाने छापील कागद दिला, तारखेवर पेनाने गोल करून दिला. सर त्या वयात, त्या गुडघ्यांनी, रात्रभर प्रवास करून आले. संध्याकाळी आम्ही देवळात पोचलो तर आवारात केळीचे वाळलेले खांब पडलेले, मंडपाचे बांबू दोरीने बांधून ठेवलेले, आणि एक आजी झाडलोट करत होती. म्हणाली, "अगो बाय, जत्रा मागच्या आठवड्यात झाली. आज म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

सरांना पुन्हा कधी यायला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. उत्तर मिळालं, "तारीख देवस्थानकडून कन्फर्म करून घ्यायला हवी होती." कागदावर तसं एक अक्षर नव्हतं. लेखी अर्ज दिला, तारखेशेजारी तिथीचा रकाना घाला एवढीच मागणी. 'वरिष्ठांकडे पाठवला' असं सांगितलं. पुढच्या हंगामात शेजारच्यांकडे पाहुणे आले, त्यांच्या हातात पुन्हा तोच कागद. एक रकाना हो! तिथी लिहिली की ती यादी कायमची चालेल, दरवर्षी छापायचीही गरज नाही. तुमच्या प्रश्नात तीच यादी बघून मला संताप आला, तो तुमच्यावर नाही.

तर माझं स्पष्ट मत: तिकीट बदलता येत असेल तर २४ नोव्हेंबरच्या पुढचं काढा. काही जत्रा कार्तिकी एकादशीपासूनच (यंदा २० नोव्हेंबर) सुरू होतात, पण खरा भर त्रिपुरीनंतर आणि मार्गशीर्षात. तेव्हा वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, मालवण या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या देवळात रोज नाटक असतं. तारीख कळायचे खात्रीचे मार्ग म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय, वर्तमानपत्राच्या सिंधुदुर्ग आवृत्तीतलं स्थानिक पान, आणि 'आज कुठे कुणाचं नाटक' सांगणारे व्हॉट्सॲपवरचे मेसेज. हे मेसेज रिक्षावाल्यापासून हेअर कटिंग सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांकडे येतात, विचारलं की पुढे पाठवतात. तरीही निघण्याआधी त्या गावातल्या एका माणसाला फोन करा. मालवणजवळच्या आंगणेवाडीसारख्या जत्रेला तर ठरलेली तिथीही नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो.

आता गॅलरीबद्दल. तुम्ही 'आर्ट सीन' शोधताय, आणि कार्यालयाला ती भिंतीवर टांगलेल्या चित्रांतच दिसते, म्हणून ते 'काही नाही' म्हणतात. इथली कला देवळाच्या आवारात, गणपतीच्या शाळेत (म्हणजे मूर्ती घडतात त्या जागी) आणि भजनाच्या बारीत आहे. ती ऋतूप्रमाणे येते आणि जाते. चुकीच्या महिन्यात आलात तर गाव खरंच रिकामं वाटेल.

दशावताराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चित्रकाराला इतकं देणारं दुसरं काही मला इथे सापडलेलं नाही. देवीच्या ओट्या भरून होतात, मध्यरात्रीच्या सुमारास पालखी देवळाभोवती फिरते, आणि मग नाटक उभं राहतं. रंगमंचावर सामान म्हणजे एक लाकडी बाक. तेच सिंहासन, तेच जंगल, तोच रथ. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी आडदशावतार होतो, त्यात गणपती, सरस्वती येतात आणि काळ्या वेशातला संकासुर मालवणीतून सगळ्यांची फिरकी घेतो. मग मुख्य आख्यान. हातात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संवाद जागेवर सुचतात. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की शास्त्रार्थ रंगतो, आणि कोण कोणाला कसं अडवतो यासाठी म्हातारी माणसं पहाटेपर्यंत जागतात. सकाळी दहीकाल्याने शेवट.

पण तुम्ही नाटकाच्या दोन तास आधी जा. रंगपटाशी. नट आपापल्या पेटीवर बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हाताचं बोट रंगात. दिवसा शेतावर किंवा गवंडीकामावर असणारा माणूस भुवईची रेघ एका दमात ओढतो, मग पापणीच्या कडेला काजळ, मग ओठ, आणि बघता बघता तो बसण्याची पद्धतच बदलतो. स्त्रीपार्टी नट पदर खांद्यावर टाचून उठतो तेव्हा त्याची चालही वेगळी झालेली असते. तुम्हाला रेखाटायला हेच हवंय. परवानगी मात्र मागा, मंडळाच्या मालकाला विचारा, बहुतेक 'बसा' म्हणतात. फ्लॅश मारू नका. आणि नाटक आवडलं तर बक्षीस द्या. इथे तशी रीत आहे, नाव पुकारून सांगतात. रात्रभर उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी काय पडतं याचा विचार करून द्या.

पर्यटन महोत्सवात स्टेजवर पाऊण तासाचा दशावतार ठेवतात, तो बघून 'दशावतार पाहिला' असं कृपया समजू नका. (हे माझं मत. कलाकारांना त्या प्रयोगाचे पैसे बरे मिळतात, त्यामुळे त्यांनी तो करू नये असं मी मुळीच म्हणणार नाही.)

दिवसा काय करायचं? सावंतवाडी एसटीने तासाभराच्या अंतरावर. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर बसलेले दिसतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२० गोल पानं, प्रत्येक हाताने रंगवलेलं आणि लाखेने चकचकीत केलेलं. रात्री अवतारांच्या नावाचं नाटक बघायचं आणि सकाळी तेच अवतार तळहाताएवढ्या वर्तुळात बघायचे, हा योग साधा. ही कला मरायला टेकली होती. राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी स्वतः शिकून तिला उभं केलं. गंजिफा आणि सावंतवाडीचं लाकूडकाम या दोन्हींना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चितारआळीत लाकडी फळं, खेळणी, पाट मिळतात. तिथे घासाघीस करू नका एवढी हात जोडून विनंती.

दुसरं ठिकाण कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी. पोथीतली सुटी चित्रं एकेक करून समोर धरायची आणि गात गात रामायण-महाभारतातली कथा सांगायची. या कलेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं, त्यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे चित्रकथीसोबत कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही बघता येतात. फोन करून जा आणि निदान अर्धा दिवस ठेवा. लोक फोटो काढून दहा मिनिटांत निघतात, मग म्हणतात छोटंसंच आहे. चित्रं नुसती बघायची नसतात, ती ऐकायची असतात. कुणीतरी सांगणारा समोर बसला की त्या मोठ्या डोळ्यांच्या बाजूने काढलेल्या चेहऱ्यांना अर्थ येतो.

शिरोड्याच्या बाजूला गेलात तर आरवलीच्या वेतोबाला जा. देवाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी वहाणा तिथे ठेवलेल्या असतात. देव रात्री त्या घालून गावाची राखण करतो अशी श्रद्धा. शिवण, पट्टे, टाच नीट बघा, तो चर्मकाराच्या हाताचा नमुना आहे आणि कुठल्याही माहितीपत्रकात त्याला कला म्हटलेलं नाही.

तिकीट बदलता येतच नसेल तर? मग दिवाळी तुमच्या वाट्याला येतेय, यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतली पोरं नरकासुराचे पुतळे करतात आणि पहाटे जाळतात. आधीचे चार दिवस संध्याकाळी गल्लीत फिरा, बांबूचा सांगाडा, गवत, कागद, मग रंग, असं सगळं तुमच्यासमोर घडेल. जळणारी कला आहे, म्हणून रेखाटून ठेवणारं कुणी असेल तर मला फार बरं वाटेल. डबलबारी भजन कुठे असेल तर तेही चुकवू नका, दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना प्रश्न टाकतात, रात्र कधी सरते कळत नाही.

गणपतीच्या शाळा मात्र तुम्हाला नोव्हेंबरात बंद दिसतील. त्यासाठी श्रावणात या. घराघरांतून आलेले पाट भिंतीशी रांगेत लावलेले असतात, प्रत्येकावर घराचं नाव, आणि त्या पाटावरच त्या घराचा मातीचा गणपती घडतो. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती करताना शाळेतलं बोलणं थांबतं.

हे सगळं माझ्या आसपासच्या दोन-तीन तालुक्यांच्या अनुभवावरून सांगतेय. रत्नागिरीकडे किंवा गोव्यात रीत वेगळी असू शकते, गावागणिक मानपान बदलतात, तेव्हा माझंही आंधळेपणाने ऐकू नका, त्या गावच्या माणसाला विचाराच.

जत्रेला जाताना शाल किंवा जाड ओढणी घ्या, मार्गशीर्षात दव इतकं पडतं की कागद ओलसर होतो, जलरंग सुकत नाहीत, पेन्सिल किंवा बॉलपेनच बरं. बसायला चटई न्या. परतीची एसटी रात्री मिळत नाही, तेव्हा एकतर स्कूटर भाड्याने घ्या किंवा सरळ सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंत थांबायचं ठरवूनच जा. जत्रेतलं खाजं ताजं असेल तेव्हाच घ्या. नवीन तारखा ठरल्या की इथेच कळवा, त्या आठवड्यात जवळपास कुठल्या देवळात कोणाचं नाटक आहे ते मी विचारून, तिथीसकट लिहून देईन.