आधी धुवा, मग शिवा

या अंकातली प्रश्नोत्तरे जखमा, टाके आणि त्यांवरच्या संशोधनाविषयी आहेत. उत्तरे अपघात विभागात काम करणाऱ्या सर्जनांनी दिली आहेत.

प्रश्न : पिंडरीवर पत्रा लागून झालेली जखम घेऊन माझा भाऊ आठ तासांनी दवाखान्यात पोहोचला. ‘सहा तास उलटले, आता टाके घालता येणार नाहीत,’ असे त्याला सांगितले. हा सहा तासांचा नियम कुठून आला?

गिनीपिगांकडून आला. १८९८ साली जर्मन सर्जन पॉल लिओपोल्ड फ्रीडरिश यांनी गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यातली धूळ घातली आणि ठरावीक वेळाने जखमेच्या कडा कापून काढल्या. सुमारे सहा तासांपर्यंत कडा काढल्या तर संसर्ग टळत होता, पुढे टळत नव्हता. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, आणि प्रयोगाचा प्रश्न ‘कडा केव्हापर्यंत कापाव्यात’ हा होता, ‘केव्हापर्यंत शिवावे’ हा नव्हताच. आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

माणसांवरची निरीक्षणे वेगळे सांगतात. १९८८ साली जमैकातल्या २०४ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९ तासांच्या आत शिवलेल्या जखमांपैकी ९२ टक्के नीट भरल्या, त्यानंतर शिवलेल्यांपैकी ७७ टक्के. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या जखमा उशिरा शिवूनही चांगल्या भरल्या, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो.

म्हणून आधी जागा पाहावी, मग घाण, मग कडा चेचल्या आहेत का ते, मग रुग्णाला मधुमेह आहे का ते; घड्याळ त्यानंतर. चेहऱ्यावरची स्वच्छ जखम दुसऱ्या दिवशीही शिवता येते. उलट माणसाच्या किंवा जनावराच्या दाताने हाताला झालेली जखम पहिल्या तासात आली तरी शिवू नये.

शंका असेल तेव्हा मधला मार्ग आहे. जखम धुवायची, मेलेले मांस काढायचे, ओलसर गॉज सैल भरून ठेवायचे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उघडून पाहायचे. तळ लाल, दाणेदार आणि पू नसलेला असेल तर तेव्हा टाके घालायचे. तोवर तळाशी नव्या केशवाहिन्या येऊ लागतात आणि जंतू खाणाऱ्या पेशींनी आपले काम केलेले असते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे गॉज ठासून भरणे. त्याने कडांचा रक्तपुरवठा दबतो आणि खालचा स्राव कोंडतो.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो. जंतू मरत असल्याचीच ती खूण ना?

नाही. रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचे विकर असते, ते पेरॉक्साइड फोडते आणि प्राणवायूचे बुडबुडे सुटतात. जंतू एकही नसला तरी फेस येईलच. १९८५ साली प्रयोगशाळेत तपासले तेव्हा ३ टक्के पेरॉक्साइड, १ टक्का पोव्हिडोन आयोडीन आणि ०.५ टक्के हायपोक्लोराइट या तिन्हींनी जखम भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी मारल्या. आयोडीन ०.००१ टक्क्यापर्यंत पातळ केल्यावर पेशी वाचल्या आणि जंतू तरीही मेले. आयोडीन जखमेभोवतालच्या त्वचेला लावायला उत्तम आहे, जखमेत ओतायला नाही.

जखमेसाठी पिण्यायोग्य वाहते पाणी पुरते. साध्या जखमा नळाच्या पाण्याने धुतल्याने संसर्ग सलाइनपेक्षा जास्त होतो, असे चाचण्यांत दिसलेले नाही. प्रमाण मात्र पाळावे : जखमेच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला ५० ते १०० मिलिलिटर. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या जखमेला पाव ते अर्धा लिटर, मळकी असेल तर आणखी. दवाखान्यात ३५ मिलिलिटरची सिरिंज आणि १९ गेजची प्लॅस्टिकची नळी वापरली की पुरेसा जोर मिळतो. टोक जखमेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरायचे. ते आत खुपसले तर पाणी मांसात शिरते आणि कडा फुगतात. रबरी फुग्याच्या पिचकारीने चिकटलेली माती हलत नाही. आधी बधिर करावे, मग धुवावे. दुखत असलेला माणूस नीट धुऊ देत नाही. धुणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा घालावा.

साबणाने जास्त स्वच्छ होईल असे वाटते, पण उघड्या अस्थिभंगांवरच्या (हाड मोडून वरची त्वचाही फाटलेल्या इजांवरच्या) २०१५ च्या ‘फ्लो’ चाचणीत २,४४७ रुग्णांचे निष्कर्ष पाहिले तेव्हा साबणाच्या गटात १४.८ टक्के जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, सलाइनच्या गटात ११.६ टक्के. पाण्याचा दाब कमी-जास्त केल्याने फरक पडला नाही.

प्रश्न : खपली धरू द्यावी की पट्टी ठेवावी?

पट्टी ठेवावी. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचा पापुद्रा बसवला, तेव्हा उघड्या जखमांच्या मानाने जवळजवळ दुप्पट वेगाने त्वचा आली. खपली असेल तर नव्या पेशींना तिच्याखालून, ओल शोधत वाट काढावी लागते. मात्र ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडा पांढऱ्या आणि सुरकुतल्या दिसल्या तर पट्टी जास्त शोषणारी घ्यावी किंवा लवकर बदलावी.

प्रश्न : गुडघ्यावरचे टाके सातव्या दिवशी काढले आणि दोन दिवसांत जखम उकलली. टाके चुकीचे होते का?

दिवस चुकला असण्याची शक्यता जास्त. भरणाऱ्या जखमेची ताकद पहिल्या आठवड्याअखेर मूळ त्वचेच्या सुमारे ३ टक्के असते, तिसऱ्या आठवड्यात २० टक्के आणि तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. वरून जखम मिटलेली दिसते, पण आतले कोलॅजन, म्हणजे त्वचेला ताकद देणारे प्रथिन, अजून विणले जात असते. चेहऱ्याचे टाके तीन ते पाच दिवसांनी, डोक्याचे आणि धडाचे सात ते दहा, हातापायांचे दहा ते चौदा आणि सांध्यावरचे चौदा दिवसांनी काढतात. गुडघा वाकला की कडांवर ताण येतो, म्हणून काढल्यावरही आठवडाभर चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात.

पूर्ण दिवस ठेवूनही जखम उकलली तर आत पू आहे का, रुग्ण स्टेरॉइड घेतो का आणि खातो काय, हे विचारावे. तिसऱ्याचा पुरावा मोठा जिद्दीचा आहे. जॉन क्रँडन या तरुण सर्जनाने स्वतःच क जीवनसत्त्वाशिवाय आहार घेतला. तीन महिन्यांनी पाठीवर केलेली जखम नेहमीसारखी भरली. सहा महिन्यांनी केलेली आत भरलीच नाही. क जीवनसत्त्व सुरू केल्यावर मग ती भरली. हे निष्कर्ष १९४० साली प्रसिद्ध झाले.

प्रश्न : मी शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. अपघात विभागात काम करता करता जखम भरण्यावर संशोधन करायचे आहे. सुरुवात प्रयोगशाळेतून करावी की रुग्णांपासून?

दोन्हींकडे घसरण्याच्या जागा आहेत, त्या आधी पाहा.

प्रयोगशाळेत बहुतेक जण उंदरापासून सुरू करतात. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसात नवे मांस आणि वरून सरकणारी त्वचा यांचा वाटा मोठा. तुमचे औषध आकसणेच वाढवत असेल तर उंदरात ते चमत्कार करेल आणि रुग्णात काहीच करणार नाही. म्हणून आकसणे रोखायला जखमेभोवती सिलिकॉनचे कडे चिकटवून टाक्यांनी बसवतात. कडे सुटले तर तो उंदीर मोजायचा की वगळायचा, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. उंदीर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा, एरवी ते एकमेकांची कडी कुरतडतात. एका उंदरावर दोन जखमा केल्या म्हणजे नमुने दोन होत नाहीत. औषध रक्तात उतरते आणि दुसऱ्या जखमेलाही पोहोचते. सूक्ष्मदर्शकासाठी काप जखमेच्या अगदी मधोमध हवा. बाजूचा काप घेतला की त्वचेतली फट उगाचच अरुंद दिसते. या एका कारणाने किती ‘यशस्वी’ औषधे जन्माला आली असतील, कोण जाणे. डुकराची त्वचा माणसाच्या जवळची, पण जनावर सांभाळणे अवघड. ते दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा.

रुग्णांमध्ये, मधुमेहींच्या पायावरील व्रण, म्हणजे लवकर न भरणाऱ्या जखमा, घेतलेत तर पहिले दोन आठवडे सगळ्यांवर नेहमीचेच उपचार करा : मेलेले मांस काढणे आणि पायावरचा भार हटवणे. एवढ्यानेच झपाट्याने भरणारे व्रण वगळा, नाहीतर श्रेय औषधाला जाईल. पीडीजीएफ या वाढघटकाच्या १९९६ मधल्या अभ्यासात, ज्या केंद्रांत मेलेले मांस जास्त वेळा काढले जात होते तिथेच व्रण जास्त भरले. ‘भरला’ची व्याख्याही आधी ठरवा : त्वचा पूर्ण आलेली, स्राव नाही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तरी तसेच. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

अपघात विभागातल्या संशोधनात मोठा प्रश्न वेळेचा असतो. २०१० च्या ‘क्रॅश-२’ चाचणीत ४० देशांतल्या २०,२११ जखमींना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे औषध किंवा निष्क्रिय द्रव दिला : १ ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. पण वेळेनुसार पाहिले तेव्हा फायदा पहिल्या तीन तासांतच होता. त्यानंतर औषध दिलेल्यांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू उलट जास्त होते, ४.४ विरुद्ध ३.१ टक्के. इजेची वेळ नोंदलीच नसती तर हे कळलेच नसते. तुमच्या नोंदवहीत ‘दाखल झाल्याची वेळ’ आणि ‘इजेची वेळ’ असे दोन वेगळे रकाने हवेत, आणि दुसरी वेळ कोणी सांगितली तेही.

बेशुद्ध जखमीची संमती कशी घ्यायची, हेही पुढे विचारले जाईलच. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी घोषणेनुसार संशोधन लांबवणे शक्य नसेल आणि कायदेशीर प्रतिनिधी हाताशी नसेल तर सुरुवात करता येते. अट अशी की बेशुद्धावस्था हाच अभ्यासगटाचा आवश्यक भाग असावा, हे कारण आराखड्यात आधीच लिहिलेले आणि नैतिकता समितीने मान्य केलेले असावे. पुढे राहण्याची संमती रुग्णाकडून किंवा नातेवाइकांकडून शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. हा अर्ज परिच्छेदभर लिहून भागत नाही. रात्री दोनला संमती कोण घेईल, रुग्णाने नकार दिला तर तोवरच्या नोंदींचे काय करायचे, हे लिहिलेले नसेल तर समिती तो परत पाठवते. आणि रात्रपाळीचे रुग्ण सोडून फक्त दिवसाचे घेतलेत, तर दारूच्या नशेत पडलेले आणि रात्रीच्या रस्त्यांवर जखमी झालेले तुमच्या अभ्यासातून गळतात, म्हणजे बहुधा सर्वांत मळक्या जखमाच.