वाचकांचे प्रश्न : मतलई सुटली की

प्रश्न : पावस गावाजवळ आमची हापूसची बाग आहे. फेब्रुवारी सरता सरता सकाळी घाटाकडून कोरडा वारा सुटतो आणि वाटाण्याएवढी कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, झाडाखाली पसरते. कोणतं औषध मारावं?

उत्तर : औषधाआधी पाणी बघा. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा वारा, सह्याद्री उतरते तेव्हा हवा दाबली जाऊन दर 100 मीटरला साधारण 1 अंशाने तापते, आणि देशावरची असल्याने मुळातच कोरडी असते. ती जोरात असली की समुद्रावरून येणारा खारा वारा उशिरा येतो आणि त्या दिवशी पारा चढतो. पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं कातळावरच्या उथळ मातीतून मुळांना मिळत नाही. मग झाड कणी सोडतं.

गळलेली कणी हातात घेऊन बघा. देठाशी पिवळी आणि सुरकुतलेली असेल तर बहुधा पाण्याचा ताण आहे. पानांवर चिकटा आणि काळी बुरशी दिसली तर तुडतुडा ही कीड समजा, त्याचा उपाय वेगळा. थोडी गळ मात्र होणारच. धरलेली सगळी कणी कोणतंच कलम पोसत नाही.

कणी वाटाण्याएवढी झाली की मोठ्या कलमाला 150 ते 200 लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक पिंप, 15 दिवसांच्या अंतराने 3 वेळा द्या. घाई करून मोहोराआधीच पाणी सोडलंत तर पालवी फुटेल आणि मोहोर राहील बाजूला. बुंध्यात पिंप उपडं करण्यात अर्थ नाही. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे गोल आळं करा आणि वर चार बोटं सुका पाला पसरा. उघड्या आळ्यातलं पाणी हाच वारा उडवून नेतो.

जोडीला 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, फळ वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढं असताना फवारा. प्रमाण वाढवू नका. भर उन्हात मारलं तर थेंब पानावरच आटतात, क्षार उरतो आणि कडा करपतात. उन्हं कलून वारा पडला की पंप बाहेर काढा.

प्रश्न : मालवणजवळ घर तांबड्या रस्त्याला लागून आहे. बाबांना दमा आहे, सकाळी धुरळ्याने जीव घाबरतो. काय करता येईल?

उत्तर : खारा वारा येईपर्यंत पूर्वेच्या खिडक्या बंद ठेवा, मग पश्चिमेच्या उघडा. केरसुणीने झाडलेली धूळ घरातच तरंगत राहते. ओल्या फडक्याने पुसा, आणि त्या वेळी बाबांना दुसऱ्या खोलीत बसवा. बाहेर जाताना एन-95 मास्क नाकावर घट्ट बसलेला हवा, रुमालातून बारीक धूळ आत जाते. मास्कनेच दम लागत असेल तर काढा आणि घरात थांबा. डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी असू दे. तो घेऊनही दम कमी होत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवायचं तर संध्याकाळी. शेण पातळ कालवून दोन हात द्या. एकच जाड हात या वाऱ्यात वरून पटकन सुकतो, तडकतो आणि पापुद्रे सुटून त्याचीच धूळ होते.